तिसऱ्या जागेचा कपॅसिटर

४ फेब्रुवारी, सकाळी ७ वाजून १० मिनिटं

ती. मामांना नमस्कार.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा मी पांढऱ्या फडक्यावर एकोणतीस स्क्रू मांडत होतो, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. दुकान आठला उघडतं. मालक यायच्या आत पत्र पुरं करायचं आहे. घरचा फोन खरखरतो असं तुम्ही मागे कळवलं होतं, म्हणून फोन केला नाही.

मामा, तुमचं वाद्य माझ्या टेबलावर आलं आहे. तोच जुना सिंथेसायझर. लाकडी बाजू, डावीकडची शेवटची कळ पिवळी पडलेली. झाकण उघडलं तर आतून पेन्सिलीने तुमची सही आणि खाली एकतीस वर्षांपूर्वीची तारीख. सही पुसली जाऊ नये म्हणून तिच्याभोवती मी कागदाची चौकट लावली आहे.

ते वाजवणाऱ्या बाई स्वतः घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "ज्यांनी ह्याचा घसा घडवला, त्यांच्या भाच्याकडेच देणार." मालक हसले. "बाई, हा अजून तीन महिन्यांच्या उमेदवारीच्या बोलीवर आहे." बाई म्हणाल्या, "मग कळेल की ह्यात." बोली २ मार्चला संपते आणि बाईंचा कार्यक्रमही त्याच संध्याकाळी आहे. त्या गेल्यावर मालकांनी मला जवळ बोलावलं. "तुझ्याकडे कागद आहे तो नववीचा, आणि तोही नापासाचा. हे वाद्य नीट गेलं तर टेबल तुझं. नाही गेलं तर तू गेलास." ते चिडून बोलले नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली.

बिघाड असा. चालू केलं की गुणगुण ऐकू येते, आणि तापलं की आवाज हळूहळू बसतो. कपॅसिटर म्हातारे झाले आहेत (तुम्ही कंडेन्सर म्हणता तेच). पॉवर सप्लायचे सहा मोठे, त्यातल्या दोघांच्या बुडाशी तपकिरी चिकट पाणी. आवाजाच्या वाटेवरचे छोटे चौदा, त्यातले नऊ उतरलेत. हे वीसही बदलायचे हे नक्की. पण कोणते घ्यायचे? दुकानदार एकाच मापाचे पाच प्रकार दाखवतो. व्होल्ट तेवढेच घ्यायचे की जास्त?

शिवाय आवाज गाळणाऱ्या फिल्टरमधले चार आहेत, पारदर्शक, चंदेरी, पेपरमिंटच्या गोळीएवढे. त्यांच्यावरचा छाप उडाला आहे. सर्किटच्या नकाशात चारही सारखेच आहेत, दहा नॅनोफॅरडचे. माझ्या वहीत नोंद आहे: "क्र. ३ बाकीच्यांपेक्षा थोडा बारीक. बोर्डावर मोजताना आकडा थांबत नाही." तो गेला असावा. मालक म्हणतात, उघडलंच आहे तर सगळे बदल, अर्धं काम म्हणजे दोनदा काम. तुम्ही काय म्हणता? उत्तर लवकर पाठवा.

तुमचा,
मोजपट्टी

•

९ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

एकोणतीस स्क्रू क्रमाने मांडलेस! अरे, त्यांतले अठ्ठावीस एकसारखे आहेत. तुझ्या आईने तुला तीट लावायच्या ऐवजी फूटपट्टी टेकवली होती की काय, देव जाणे.

आता ऐक. मोठ्या सहांचं माप तेच ठेव आणि व्होल्ट एक पायरी वर घे. दोन-तीन पायऱ्या वर जाऊ नकोस, भांडं मोठं घेतलं म्हणून दूध वाढत नाही. उष्णतेचा आकडा एकशे पाच असलेलेच घे, आत कोंडतं. पायांमधलं अंतर आणि घेर बोर्डाशी ताडून बघ, नाहीतर पाय फाकवून बसवशील आणि वर्षात तडा जाईल. अंगावरची पट्टी म्हणजे ऋण बाजू हे तुला सांगायला नको, पण सांगतो, कारण मी स्वतः एकदा उलटा लावला होता आणि तो छताला जाऊन चिकटला. सुटे, स्वस्त, चकचकीत दिसणारे घेऊ नकोस. जुन्यांना नवा कोट घालून विकणारे सगळीकडे असतात. चौदा छोट्यांनाही हाच नियम. फक्त घेताना दोन जास्त घे आणि मोजून जवळजवळचे निवड. तुला तर सणच.

फिल्टरच्या चौघांना हात लावायचा नाही. ती माझी गाळणी आहे. कारण विचारू नकोस. मालकाला सांग, मामाने मनाई केली आहे.

बाईला माझा नमस्कार सांग. ती अजून डावा पाय आपटत वाजवते का?

तुझा मामा

•

१५ फेब्रुवारी, दुपारी १ वाजून ३५ मिनिटं, जेवणाच्या सुट्टीत

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र काल पोचलं. फिल्टरचे चारही मी १२ तारखेलाच बदलले.

मालक मागे उभे होते. म्हणाले, "पत्राची वाट बघत दुकान चालत नाही." त्यांना दोष देत नाही, हात माझेच होते.

वीस नवे तुम्ही लिहिलं अगदी तसेच निघाले, ते पत्र यायच्या आधीच घेतले होते. गुणगुण गेली. दोन तास तापवलं तरी आवाज बसला नाही. मग फिल्टरसाठी नवे चार, एकमेकांशी मोजून जुळवलेले, दशांशापर्यंत सारखे. मी फार खूश होतो. आवाज काचेसारखा स्वच्छ.

काल बाई आल्या. कोट न काढता बसल्या. सगळ्यात खालचा सूर दाबला, धरून ठेवला, फिल्टरचं बटण सावकाश उघडत नेलं. बोट उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हा कोण?"

मी म्हणालो, "स्वच्छ झालाय, बाई."

"भांडी स्वच्छ करतात. ह्याचा घसा कुठे गेला? तो उघडताना मध्ये खरवडायचा. माणूस बोलता बोलता अडखळतो तसा. एकतीस वर्षं मी त्या अडखळण्यावर वाजवते आहे." मग मालकांना म्हणाल्या, "२ तारखेपर्यंत हा असाच असेल तर मी नेणार नाही. पैसेही देणार नाही." मालकांनी माझ्याकडे एकदाच बघितलं.

काढलेला एकही भाग मी फेकत नाही हे तुम्हाला माहीत आहे. चारही पाकिटात क्रमांक घालून ठेवले होते. काल मोजले. पहिला ९.८, दुसरा १०.१, चौथा ९.९. तिसरा काहीच दाखवत नाही, मेला आहे. तो मी मारला. हे प्लॅस्टिक उष्णतेने वितळतं, सोल्डरचा डाग सोडवताना उष्णता अडवायला पायाला चिमटा लावायचा हे तुम्हीच शिकवलं. पण मनात आलं, काढून ठेवायचेच आहेत, त्यांना चिमटा कशाला. उरलेले तीनही एका बाजूने थोडे वितळले आहेत. तिसरा बारीक होता, तो पार गेला.

म्हणजे तो बिघडलेला नव्हताच. तिथे मुद्दामच वेगळ्या मापाचा होता. मीटर मला तेच सांगत होतं आणि मी त्याला दोष समजलो.

मामा, तिसऱ्या जागी किती मापाचा होता? फक्त आकडा कळवा. एका ओळीचं पत्र पुरे.

तुमचा,
मोजपट्टी

•

१९ फेब्रुवारी

चि.,

हात लावू नकोस म्हटलं होतं. पत्र उशिरा पोचलं हे खरं, पण चिमट्याचा नियम तर दहा वर्षांपूर्वी पोचला होता. जे फेकायचं त्यालाच आधी जपायचं, कारण फेकल्यावर परत मिळत नाही.

आकडा आकडा काय करतोस? आवाज आकड्यात बसला असता तर वाद्यं किराणा दुकानात वजनावर मिळाली असती. मी त्या काळी एकेक कंडेन्सर लावून, ऐकून, काढून, पुन्हा लावून तो घसा घडवला. ह्याला कान लागतो. तुझ्याकडेही आहे, तू तो मीटरच्या डबीत कोंडून ठेवला आहेस. बाहेर काढ. लाव, ऐक, ठरव.

फोन अजून दुरुस्त झालेला नाही.

मामा

•

२२ फेब्रुवारी, सकाळी ६ वाजून ५० मिनिटं

ती. मामांना,

मी लावले, ऐकले, ठरवता आलं नाही. एक ते दहाच्या मधल्या बारा मापांचे आणले. पहिले तीन वेगळे वाटले. सहाव्यानंतर सगळे एकच. नवव्याला वाटलं हाच, पण दहा मिनिटांनी परत लावला तर तो दुसराच कुणीतरी होता. शेजारच्या टेबलावरचा पंखेवाला म्हणाला, "मेल्या, म्हशीला चारा बदलून दूध बघतोयस का?" मालक हसले नाहीत. आठ दिवस उरलेत.

मी काल तुमच्या घरी फोन केला. मामीने उचलला. तिच्या मागे कढईत पडणारी फोडणीसुद्धा मला ऐकू आली, इतका फोन स्वच्छ होता. मी म्हटलं, मामांना द्या. ती म्हणाली, "त्यांना नाही देत." मी म्हटलं, रागावलेत का? तिने कढईखालचा गॅस बंद केला. मग म्हणाली, "दाराची घंटा वाजली तर हल्ली मीच उठते रे." आणि फोन ठेवला.

मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. चाळीस वर्षांपूर्वी लावलेल्या ट्रान्झिस्टरचा नंबर तुम्ही झोपेत सांगता. आईच्या रेडिओतला एकेक भाग तुम्हाला पाठ आहे. आणि ज्या एका कंडेन्सरवर तुमचं नाव झालं, त्याचाच आकडा तुम्ही सांगत नाही.

तुम्ही सांगत नाही की तुम्हाला सांगता येत नाही?

मोजपट्टी

•

२५ फेब्रुवारी

बाळा,

तुझं पत्र मामीने आधी वाचलं आणि माझ्यासमोर ठेवून निघून गेली. काल दिवसभर ते टेबलावर होतं. आता लिहितो ते एका दमात लिहितो, खाडाखोड असली तर सोडून दे.

मला सांगता येत नाही, कारण मला माहीतच नाही. मी तो कधी मोजला नाही.

तेव्हा ती बाई चोवीस-पंचवीसची होती. वाद्य आलं होतं फिल्टरच्या दुखण्याने. ती काउंटरपाशी उभी, बाहेर गाडीचा भोंगा वाजतोय, कार्यक्रमाला उशीर झालेला. मी पाकिटातले तीन लावले आणि पाकीट संपलं. चौथा, तिसऱ्या जागेचा, मी सुट्यांच्या डब्यातून उचलला. दिसायला सारखा होता. थोडा बारीक वाटला, पण तेवढं बघायला वेळ कुणाला? लावला, झाकण लावलं, सही केली. तिने तिथेच उभ्याने वाजवला आणि तिचे डोळे भरले. म्हणाली, "काय केलंत तुम्ही?" मलाही कळेना काय केलं. मी म्हणालो, "त्याला कान लागतो."

बस. त्या एका वाक्यावर एकतीस वर्षं जेवलो. तिने माणसं पाठवली, त्यांनी अजून माणसं पाठवली. पुढच्याच महिन्यात मला चूक लक्षात आली होती. डब्यात वेगळी मापं मिसळलेली होती. मी तिला म्हटलं, पुन्हा एकदा उघडू का? तिने वाद्य पोटाशी धरलं. मग मी कधीच बोललो नाही. तुला मनाई केली ती गाळणीसाठी नाही, माझ्यासाठी. क्रमांक तीन बारीक आहे हे तुझ्या पहिल्याच पत्रात वाचलं आणि त्याच दिवशी मनाईचं पत्र टाकलं.

कानांचं तू ओळखलंसच. दोन वर्षं झाली. आधी वरचे सूर गेले, मग माणसं. म्हणून पत्रं. ज्याने कानाचं खाल्लं त्याचे कान जावेत ह्यात कुणाला गंमत वाटली तर त्याला दोष देणार नाही.

तो डबा अजून आहे. आजच कुरिअरने पाठवतो आहे, त्रेचाळीस नग. मधली एकतीस वर्षं मी त्याला हात लावलेला नाही. त्यात त्याचा सख्खा भाऊ असेल. नसेलही.

आता काम सांगतो. तिसऱ्या जागी डाग देऊ नकोस. दोन बारीक सॉकेट बसव, म्हणजे कंडेन्सर टाचणीसारखा आत-बाहेर करता येईल, आच लागणार नाही. डब्यातले मोजू नकोस. मोजलेस की तुझे कान मीटरचं ऐकतील. त्यांना नुसते क्रमांक दे. आणि एकट्याने ऐकू नकोस. बाईला पाठमोरी बसव, ती सांगेल.

तिला काय सांगायचं ते तुझ्यावर. काही न सांगता, जुन्या डब्यातले तुकडे मामाने पाठवलेत एवढंच म्हणालास तरी चालेल, माझं नाव राहील. पण मी तुला सांगणार नाही की तसं कर.

मामा

•

३ मार्च, सकाळी ७ वाजून २५ मिनिटं

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

हे लिहायच्या आधी मी तुमचा डबा पुसून त्याचं झाकण दोऱ्याने बांधत होतो. तो ह्या पत्रासोबत परत येईल. सगळं क्रमाने सांगतो.

डबा २८ ला आला. त्रेचाळीस तुकड्यांना कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या. मोजले नाहीत. मीटर मी पंखेवाल्याच्या खणात ठेवलं आणि किल्ली त्याच्याकडे दिली. तो म्हणाला, "दारूड्याने बाटली ठेवायला दिली तर मी घेतो, हे काय?" पण घेतलं.

परवा, १ तारखेला, सकाळी नऊला बाई आल्या. बाराला वाद्य न्यायला गाडी येणार होती, कारण संध्याकाळी रंगमंचावर मांडणी होती. मालक काउंटरवर हिशेबाची वही उघडून बसले, पण पान उलटत नव्हते.

मी बाईंना सगळं सांगितलं. सुट्यांचा डबा, गाडीचा भोंगा, "त्याला कान लागतो" हे वाक्य, तुमच्या कानांचं, सगळं. मामा, तुमची परवानगी न घेता सांगितलं नाही, तुम्ही माझ्यावर सोडलं होतं. पण मी तुमच्या सहीकडे बघत बोलत होतो.

बाईंनी हातातला रुमाल चौकोनी घडी घालून मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी सांगत फिरले, त्या माणसाचा कान सोन्याचा आहे." मग हळूच, "म्हणजे त्यांचा कान खोटा. आणि माझा? मला जे आवडलं ते मला आवडलं होतं, की हाताला आलं म्हणून सवय झाली?"

मी म्हणालो, "बसा, बाई. बघू."

त्या पाठमोऱ्या बसल्या, भिंतीकडे तोंड करून. मी एक एक लावायचो, खालचा सूर दाबायचो, बटण उघडत न्यायचो. त्या म्हणायच्या, "नाही." पुढचा. "नाही." दहापर्यंत त्या लगेच बोलत होत्या. विसाला थांबून थांबून. सत्तावीसला म्हणाल्या, "असेल," आणि मी तो काढून ठेवला, कारण "असेल" म्हणजे नसणं. साडेदहा वाजले होते. एकतिसावा लावला. बटण अर्ध्यावर गेलं आणि सूर मध्येच खरवडला. मामा, माझं बोट बटणावर आपोआप थांबलं. बाई काही बोलायच्या आधी. मी तुम्हाला हे बढाई म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो.

त्यांनी हात वर केला.

मालक म्हणाले, "चला, लाव डाग." पण मी लावला नाही. मी म्हणालो, "उरलेले बारा ऐका." त्यांना वाटलं मला वेड लागलं. गाडीला दीड तास होता. पुढचे तीन लावले, तिन्हींना "नाही." चौथ्या वेळी मी न सांगता एकतिसावाच परत लावला.

बाई खुर्चीतून वळल्या. "हाच मगाशी लावलास. मला फसवतोस?"

मी म्हणालो, "फसवत नव्हतो, बाई. तुमचा कान तपासत होतो. खरा आहे."

त्या रडल्या नाहीत. रुमालाची घडी मोडली आणि परत घातली. मग म्हणाल्या, "डब्यात हात घातला तो त्यांनी. ठेवून घेतला तो मी. त्यांना एवढं कळव."

उरलेले मी ऐकवले नाहीत. मीटर परत मागितलं. एकतिसावा ७.४ निघाला. ह्या मापाचा कुठल्याच दुकानात मिळत नाही, नंतर मी पाच दुकानं विचारली. सॉकेट काढले, दोन्ही पायांना चिमटे लावले, प्रत्येक पायाला मोजून दोन सेकंद आच दिली, मध्ये थंड व्हायला एक मिनिट. पावणेबाराला झाकण लावलं. तुमच्या सहीखाली मी पेन्सिलीनेच लिहिलं: "जागा ३, माप ७.४. वेगळा आहे. बरोबर आहे. बदलू नये." बाईंनी वाचलं, मान हलवली. माझी सही करायचं माझ्या लक्षातच आलं नाही. त्यांनी पेन्सिल परत माझ्या हातात दिली.

काल संध्याकाळी मी मागच्या रांगेत होतो. वाद्य चाललं. पहिला तास मी फक्त गुणगुण येते का ते ऐकत होतो. मग विसरलो. डावा पाय त्या अजून आपटतात. जाताना बाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला तुझ्या मामांना आण आणि लाकडी मंचाच्या कडेला बसव, खालचा सूर तळपायांना ऐकू येतो. तुम्ही नाही म्हणाल, म्हणून मामीलाही वेगळं पत्र टाकलं आहे.

आज सकाळी आलो तर माझ्या टेबलावर पुढचं काम ठेवलेलं आहे, एक जुना अँप्लिफायर, वर मालकांची चिठ्ठी: "काढलेलं फेकू नकोस."

हिशेब असा:

मोठे आणि छोटे कपॅसिटर, वीस: १६४
फिल्टरचे नवे, चार: ४८
चाचणीचे, बारा: ३६
सॉकेट: ९
टपाल: १४
एकूण खर्च: २७१
मालकांनी दिले (वीस कपॅसिटर आणि फिल्टरच्या चारांतले वाद्यात राहिलेले तीन): २००
माझ्या खिशातून: ७१
तुम्हाला देणं, डब्याच्या कुरिअरचे: २२. ते पाकिटात घातले आहेत.
डब्यात आलेले ४३. परत पाठवले ४२.
तुम्हाला अजून देणं: एक. हा मी फेडणार नाही.

तुमचा,
मोजपट्टी